वासरांची हाडं कुठं गेली

सिरोंच्याच्या ढोरांच्या दवाखान्यात गुणवंतराव कंपाउंडर होते, पण तालुक्यात त्यांना कोणी कंपाउंडर म्हणत नसे. सगळ्यांच्या तोंडी ‘ढोर डॉक्टर’च. खरे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, वर्षातून दोन-तीनदा यायचे, आणि नद्या भरल्या की तेवढंही जमायचं नाही. त्यामुळे गाय अडली, बैलाचा खांदा सुजला, म्हशीनं खाणं सोडलं की माणूस गुणवंतरावांच्याच अंगणात येऊन बसायचा. ते मूळचे चामोर्शीकडचे, धान पिकवणाऱ्या घरातले. घरी झाडीबोली बोलायचे, बाजारात तेलुगू, आणि रानातल्या गावांत गेले की कामापुरती गोंडी. माझे वडील तेव्हा जंगलखात्याच्या लाकूड डेपोवर होते आणि आमची घरं शेजारी शेजारी होती. मी सांगतो त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे. बरंचसं वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आणि पुढं त्यांनी स्वतः सांगितलेलं.

उंचीनं बेताचे, खाकी अर्धी चड्डी, पायात टायरच्या चपला, खांद्याला औषधांची पिशवी. बोलणं हळू. जनावराजवळ गेले की आधी काही न करता उभे राहायचे. मालक अस्वस्थ व्हायचा. मग ते म्हणायचे, “थांब ना गा. ते मले पाहून राह्यलं, मी त्याले पाहून राह्यलो. मंग पाहू.”

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका कॉलेजातले दिघे नावाचे भूशास्त्राचे प्राध्यापक गोदावरीच्या अलीकडे, एका नाल्याजवळ तंबू ठोकून राहिले. त्या नाल्याच्या काठावर लाल मातीचे थर उघडे पडले होते आणि त्यात दगड झालेली हाडं होती. गुराख्यांना ती ठाऊकच होती. कोणी त्यांना राक्षसाची म्हणायचं, कोणी काहीच म्हणायचं नाही. दिघ्यांना जुळवून पाहायला एखाद्या मोठ्या जनावराची ताजी हाडं हवी होती, म्हणून त्यांनी दवाखान्यात निरोप धाडला. गुणवंतराव सुकलू गाडीवानाच्या गाडीत म्हशीच्या मांडीचं हाड, खुबा आणि पाठीचे मणके टाकून घेऊन गेले.

तिथं जे पाहिलं ते त्यांना आयुष्यभर पुरलं. जमिनीत एक मांडीचं हाड आडवं पडलेलं, उभं केलं तर माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं. त्याच्याशेजारी म्हशीचं हाड ठेवलं तर ते लेकराच्या खेळण्यासारखं दिसलं. गुणवंतराव उकिडवे बसले आणि त्या दगडावरून हात फिरवू लागले. गाठ कुठे, स्नायू कुठे चिकटत असेल, सांधा कसा वळत असेल, हे त्यांच्या बोटांना आपोआप कळत होतं. दिघे बघत राहिले. मग ते दोघं मिळून दिवसभर हाडं लावत बसले.

दुपारी भाकरी खाताना गुणवंतरावांनी विचारलं, “सर, एक विचारू का? हे सगळे मोठेच काऊन? इतकी हाडं निघाली, पण एकबी पिल्लू नाई. यांले पिल्लं होत नव्हती का?”

दिघे खूश झाले. म्हणाले, “होत असणारच. पण पिल्लू मेलं की त्याचं हाड मऊ असतं. दात असणाऱ्या कोणालाही ते सहज फोडता येतं. उरलंसुरलं पाण्यानं वाहून जातं, उन्हानं तडकतं, पानांच्या कुजीत विरघळतं. दगड होण्यासाठी मेलेलं जनावर लवकर गाळाखाली जावं लागतं. ते नशीब फार थोड्यांचं. नदीकाठी मरणाऱ्यांचं बरं असतं. डोंगरावर, दाट रानात जे मेले त्यांचं जवळजवळ काहीच आपल्या हाती येत नाही.”

“म्हणजे हे जे भेटून राह्यलं, ते पूर्ण नाई.”

“पूर्ण तर नाहीच. आणि नुसतं अपुरंही नाही, एका बाजूला कललेलं आहे. मोठं, जड, टणक, पाण्याजवळचं, ते जास्त. लहान, मऊ, रानातलं, ते कमी. आणखी एक आहे. या एका हातभर थरात जी हाडं दिसतात ना, ती एकाच वेळी मेलेल्यांची नाहीत. कदाचित शेकडो वर्षांची एकत्र आलेली असतील. आपल्याला वाटतं, एक कळपच मेला.”

गुणवंतरावांनी ऐकून घेतलं. गाडीत बसल्यावर सुकलूला एवढंच म्हणाले, “करून पाह्यलं पाह्यजे.”

आणि त्यांनी ते करून पाहिलं. त्याच हिवाळ्यात गावातला एक म्हातारा बैल मेला, आणि त्याच सुमाराला हगवणीनं दोन वासरं गेली. बैल आणि एक वासरू त्यांनी गावाबाहेर, मेलेली जनावरं टाकतात त्या माळावर, जरा बाजूला शेजारी शेजारी ठेवायला लावले. दुसरं वासरू नदीच्या उतरत्या पाण्यापाशी, चिखलात पुरलं आणि वर काठी रोवली. मग बाजाराच्या दिवशी, दवाखाना आटोपला की ते माळावर जायचे.

गावाला हे विचित्र वाटणं साहजिक होतं. ढोर डॉक्टर जित्या जनावरांचं सोडून मेलेल्यांकडे जातो, हाडांशी बसतो, हे बोललं जाऊ लागलं. एका घरी लेकरू तापानं फणफणलं तेव्हा कुजबुज जरा वाढली. गुणाबाई म्हणून गावातली वयस्क सुईण होती, तिनं येऊन वच्छलाबाईंना सरळच विचारलं, “बाई, तुह्या मालकाले काय लागलं का, भूतबित?”

वच्छलाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, “लागलं ना. त्याहिले समजून घ्याची सवय लागली. घरी याच्या आधी विहिरीवर आंघोळ कराले लावतो मी. तुमाले पाहाचं असंल तर तुमी बी जा.”

गुणाबाई खरंच गेली. गुणवंतरावांनी तिला सगळं दाखवलं. बैलाचं डोकं, खुबा, मांडीची हाडं होती. बरगड्या तरसांनी ओढून नेल्या होत्या. वासराचा फक्त एक जबडा होता, त्यालाही सायाळीनं कुरतडलेलं. “मायबाई, वासरू कुठी गेलं?” गुणाबाईनं विचारलं. “तेच तर पाहून राह्यलो,” ते म्हणाले. त्यानंतर गावातली कुजबुज आपोआप निवली, कारण गुणाबाई जिथं जायची तिथं ही गोष्ट सांगायची.

पुढच्या हिवाळ्यात दिघे पुन्हा आले. मधल्या काळात राज्यांची पुनर्रचना होऊन आमचं राज्य बदललं होतं, दवाखान्याच्या दारावरची पाटीही बदलली होती. गुणवंतराव प्राध्यापकांना माळावर घेऊन गेले. वासराचं आता तिथं काहीही नव्हतं. जबडाही गेला होता. बैलाचं डोकं उन्हानं तडकून पांढरं पडलं होतं. मग दोघं नदीवर गेले. पुरानं काठी वाहून नेली होती, पण गुणवंतरावांना जागा ठाऊक होती. दोघांनी हातांनी गाळ उपसला. वासरू जसं ठेवलं होतं तसंच होतं. बरगड्या जागेवर, पायाची बारीक बारीक हाडं ओळीनं, शेपटीचे मणके मण्यांसारखे, आणि चार खूर. एकाच आठवड्यात मेलेली दोन वासरं. एकाचं सगळं राहिलं, एकाचं काहीच नाही.

दिघे गाळात गुडघे टेकून बरगड्या मोजत होते. “मी हे वीस वर्षं पुस्तकातून शिकवतोय,” ते म्हणाले. “पाहिलं आज.”

“तुमी सांगतलं म्हणून पाह्यलं,” गुणवंतराव म्हणाले.

यानंतर वर्षभरानं पावसाळा सरताना रानाकडच्या गावांमधून बुळकांडीची बातमी आली. जनावरांचा तो रोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग जुलाब, आणि काही दिवसांत जनावर आडवं. लस निघाली होती, पण ती थंड ठेवावी लागायची. नागपूरहून रेल्वेनं बल्लारशाला, तिथून ट्रकनं आणि पुढं जमेल तशी, बर्फाच्या पेटीत घालून ती सिरोंच्याला यायची. आली तेव्हा ती तालुक्याला पुरेल इतकी नव्हती.

लसीबरोबर जिल्ह्याचे जनावरांचे डॉक्टर दुबे साहेब आले. मोठे मेहनती माणूस. अंगात मलेरियाचा ताप असूनही जीपमधून, नंतर बैलगाडीतून आणि शेवटी पायी ते रानातल्या गावांत हिंडले. आधी कोणाला टोचायचं हे ठरवायला त्यांना हवं होतं की रोग कुठल्या जनावरांना जास्त खातोय. गावोगावी ते माळावर जायचे, हाडं बघायचे. सगळीकडे एकच दिसलं. मोठ्या जनावरांची डोकी, बैल, गायी, म्हशी. वासराचं एखाददुसरं. साहेबांनी निष्कर्ष काढला की मोठीच मरताहेत, म्हणून नांगराचे बैल आणि दुभत्या गायी आधी. बैल गेले तर शेती जाते, त्यामुळे गावकऱ्यांचीही हीच इच्छा होती. गुणवंतराव सोबत होते. तेही आधी हो म्हणाले.

लालसूच्या गावी पोचेपर्यंत हे ठरलेलं होतं. लालसू त्या गावचा प्रमुख माणूस, गुणवंतरावांचा जुना ओळखीचा. गावाबाहेरच्या टेकाडावर हाडांचा नुसता सडा पडला होता. साहेब डोकी मोजू लागले, आणि गुणवंतराव एका जागी उभे राहिले, जसे जनावरासमोर उभे राहायचे तसे. मग वाकून एक डोकं उचललं, ते ठेवून दुसरं उचललं. त्यांना दिघ्यांचं ते बोलणं आठवत होतं, की आपल्याला वाटतं एक कळपच मेला.

“साहेब,” ते म्हणाले, “हे सगळे यंदाचे नाईत.”

“मतलब?”

गुणवंतरावांनी दोन डोकी साहेबांसमोर ठेवली. एकाची शिंगं वरच्या कवचासकट घट्ट होती, हाडाला अजून वास होता. दुसऱ्याच्या शिंगांचं कवच किड्यांनी खाऊन गळून पडलं होतं, कपाळ तडकलेलं, नाकपुड्यांत कुंभारमाशीचं मातीचं घरटं. “हे औंदाचं. हे तीन-चार सालाआधीचं. इथी असे जुनेच जास्ती हायेत. मोठं हाड लवकर जात नाई, साहेब. साचत जाते.”

दुबे साहेब खाली बसले आणि त्यांनी स्वतः डोकी वेगळी करायला सुरुवात केली. कवच असलेली एकीकडे, नसलेली एकीकडे. ताजा ढीग अगदीच लहान झाला. लालसूनं सांगितलं की चार सालाआधी असाच रोग येऊन गेला होता, तेव्हा मोठी ढोरं खूप गेली. जी वाचली ती अजून आहेत.

“वो तो अब बीमार नहीं होंगे,” साहेब पुटपुटले. एकदा बुळकांडीतून उठलेलं जनावर पुन्हा त्या रोगानं मरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि गुणवंतरावांनाही. मग साहेबांनी वर पाहिलं. “ठीक है, गुणवंतराव. बड़े कम मरे. पर बछड़े ज़्यादा मरे, यह कैसे कहोगे? उनकी हड्डी तो है ही नहीं.”

“हाडांत नाई भेटणार. सिरोंच्याले पाह्यलं मी, वासराचं हाड माळावर एक पावसाळा बी टिकत नाई. ज्याहिनं वासरं सांभाळली त्याहिले विचारू.”

लालसूची बहीण बुधरी गावातली वासरं सांभाळायची. मोठी ढोरं रानात चरायला जायची तेव्हा साऱ्या घरांची वासरं तिच्याकडे असायची, बांबूच्या कुडाच्या एका आवारात. गुणवंतरावांनी तिला गोंडीत विचारलं. तिनं हात धुतले आणि पुढं चालू लागली. आवाराचं फाटक उघडून ती बाजूला उभी राहिली.

आत गवत उगवलं होतं. पोटरीइतकं, हिरवंगार, सगळीकडे सारखं. वासरांच्या खुरांखाली त्या जमिनीवर कधी काडीही उगवली नसती. एका कोपऱ्यात दोन वासरं अंग चोरून उभी होती.

मग बुधरी बोलली. कुठल्या घरचं कुठलं वासरू होतं ते तिनं सांगायला सुरुवात केली. तांबडं, कपाळावर चांदणी असलेलं. काळी कालवड, जिला मीठ आवडायचं. एक गोऱ्हा, जो कुड मोडून पळायचा. गुणवंतराव एकेक वाक्य साहेबांना मराठी-हिंदीत सांगत गेले. अर्ध्यावरून लालसूनं सांगायला घेतलं. दुबे साहेबांनी डोक्यावरची हॅट काढून हातात धरली होती.

“मेलेली कुठी टाकली?” शेवटी गुणवंतरावांनी विचारलं.

“तिथंच, टेकाडावर,” ती म्हणाली. “लहान होती. तरसानं ठेवली नाई.”

त्या दिवशी क्रम बदलला. सहा महिन्यांवरची वासरं (त्याहून लहानांना ती सुई चालत नसे), गोऱ्हे, कालवडी आणि गेल्या चार सालांत जन्मलेली सगळी जनावरं आधी. मागच्या रोगातून उठलेली म्हातारी ढोरं राहू द्यायची. लस तेवढीच होती, पण आता ती पुरली. पुढच्या प्रत्येक गावात साहेब माळावर जाण्याआधी वासरं सांभाळणाऱ्या बाईला शोधायचे आणि गुणवंतराव विचारायचे की कोण होतं आणि आता कोण नाही. काही गावांत लोक रागावले, नांगराच्या बैलाला सुई न देता कालवडीला देता म्हणून. एके ठिकाणी सुईची पेटीच अडवून धरली. गुणवंतरावांनी तिथं एक दिवस काढला. लोकांशी वाद घातला नाही; एकेका बैलाजवळ जाऊन तो मागच्या रोगात आजारी पडला होता का, हे त्याच्या धन्याच्याच तोंडून वदवून घेतलं. दुसऱ्या सकाळी लोकांनी पेटी सोडली.

रोग नदीकडे उतरला नाही. लालसूच्या गावाला मात्र ही मदत उशिरा मिळाली, आणि गुणवंतरावांना ते फार लागलं. वच्छलाबाई सांगायच्या की त्या दौऱ्यावरून आल्यावर आठ-दहा दिवसांनी जेवताना ते आपण होऊन म्हणाले, “दोन गावं आधीच मी माळावर असा थांबून पाह्यलं असतं तर?” वच्छलाबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला. म्हणाल्या, “तुमी थांबले तरी. बाकीचे तेबी नाई थांबत.”

दुबे साहेबांची पुढच्या साली बदली झाली. जाताना ते दवाखान्यात आले, गुणवंतरावांशी चहा प्याले आणि जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांना सांगून गेले की मेलेल्या जनावरांची मोजणी हाडांवरून करू नका. कोणी सांगितलं हे विचारलं तर ते गुणवंतरावांचं आणि बुधरीचं, दोघांचंही नाव घेत.

त्या हिवाळ्यात दिघ्यांच्या तंबूवर गुणवंतरावांनी ही हकीकत सांगितली. समोर नाल्याच्या काठावर मजूर लाल माती खरवडत होते आणि एक भलामोठा मणका हळूहळू वर येत होता. प्राध्यापक त्या मणक्याकडे पाहत होते.

“तुम्हाला विचारायला बुधरी होती,” ते म्हणाले. “माझी जनावरं मरून किती काळ लोटला. त्यांची वासरं कोणी सांभाळली, कोणाला विचारू?”

“नाई भेटणार कोणी.”

“नाही. म्हणून निदान एवढं तरी करायचं, की जे सापडलं नाही ते नव्हतंच, असं लिहायचं नाही.” मग ते उठले आणि मजुरांना म्हणाले की आता मोठी हाडं थोडे दिवस राहू द्या. जिथं पाणी स्थिर असेल, चिखल बारीक बसला असेल, असे थर शोधू. गुणवंतरावही रजा काढून त्यांच्याबरोबर हिंडले. पुष्कळ शोधल्यावर एका ओढ्याच्या पोटात पातळ पातळ पापुद्र्यांचा करडा दगड सापडला. त्यात पिल्लं नव्हतीच. पण एक पापुद्रा उलगडला तेव्हा आत बोटाएवढा मासा होता, खवल्यांसकट, शेपूट किंचित वळलेली. गुणवंतरावांनी तो तळहातावर घेतला आणि जुन्या चष्म्याच्या भिंगातून पाहत राहिले. त्यांना इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं, असं सुकलू म्हणायचा. एवढं मोठं मांडीचं हाड सापडलं तेव्हाही नाही.

एकोणसाठ साली त्यांची बदली चामोर्शीला झाली, आपल्या माणसांत. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत बैलांच्या गाड्या उतरायच्या तिथं ते पेटी घेऊन बसायचे. चहाच्या ठेल्यावर एकदा कोणी वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं की फार पूर्वी या भागात केवळ अवाढव्य प्राणी राहत होते. बसलेल्यांपैकी एकानं त्यांना विचारलं, “डॉक्टर, तुमी तर पाह्यले ना ते? त्या जमान्यात सगळंच मोठं होतं का?”

“मोठे बी होते,” गुणवंतराव म्हणाले. “लहान किती होते, ते आपल्याले मालूम नाई.”

तेवढ्यात लटारू नावाचा शेतकरी धापा टाकत आला. त्याची गाय सकाळपासून अडली होती. गुणवंतरावांनी चहा तसाच ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या मागोमाग धानाच्या बांधावरून चालू लागले. वासराचा एक पाय मागं दुमडला होता. त्यांनी बाह्या वर केल्या, हाताला तेल लावलं, आणि लटारूच्या बायकोला म्हणाले, “बाई, कोमट पाणी ठेव.” मग नेहमीसारखे गायीसमोर जरा वेळ उभे राहिले. दुपार टळायच्या आत वासरू बाहेर आलं, ओलं, थरथरतं. गायीनं मान वळवून ते चाटायला सुरुवात केली, आणि गुणवंतराव हात धुवायला विहिरीवर गेले.